साठ दिवसांची सायकल

पहिल्या अमेरिकावारीत माणूस गोल्डन गेट बघतो आणि दुसऱ्या वारीत मुलाचं गॅरेज आवरतो, असं आमच्या सोसायटीतले अनुभवी लोक सांगतात. मार्च २०२३ मध्ये आम्ही दोघं मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलो, ती आमची दुसरी वारी. पहिल्याच रात्री तीन वाजता टक्क जाग आली. हिची झोपमोड नको म्हणून मी जिना उतरून गॅरेजमध्ये गेलो आणि दिवा लावला. मोटार बाहेर उभी होती. आत एका स्टँडच्या चिमट्यात सायकलीचा सांगाडा लटकत होता. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. पुढचा त्रिकोण धड होता, पण मागचा नुसता बिजागऱ्यांवर अडकवलेला. हात लावला तर तो खाली लोंबला. मला वाटलं, याने कुठून तरी मोडकी सायकल उचलून आणलीय.

“मोडलेली नाहीये, बाबा. ती तशीच असते.” मुलगा मागे उभा होता. त्यालाही झोप नव्हती. विमानप्रवास आम्ही केला होता, त्याने नाही. तरी तो का जागा, हे विचारायचं मला त्या रात्री सुचलं नाही.

कारण पाच दिवसांनी कळलं, तेही आमच्या घराच्या रीतीप्रमाणे हिच्यामार्फत. आम्ही विमानात बसायच्या चार दिवस आधी त्याची नोकरी गेली होती. त्या वर्षी तिकडे हजारो जणांची गेली, त्यातला हा एक. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी सुटली की त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या मालकाने त्याच्यासाठी अर्ज दाखल केला पाहिजे. नाहीतर दुसरी काही सोय बघा, नाहीतर सामान बांधा. (नोकरी त्याला त्रेपन्नाव्या दिवशी मिळाली. हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. आमचा होता, तेवढं पुरे.)

म्हणजे साठातले नऊ दिवस त्याने आम्हाला काही सांगितलं नव्हतं. सकाळी अर्ज, दुपारी फोनवरच्या मुलाखती आणि रात्री गॅरेज, असा त्याचा क्रम होता. छत्तीस वर्षं मी बँकेत कर्जाचे कागद तपासले. उत्पन्न थांबलेला माणूस सायकलीचे सुटे भाग मागवतो, हे दृश्य माझ्या पचनी पडणं कठीण होतं. सांगाडा सातशे डॉलरला, जुना घेतलेला. तो नोकरी जायच्या आधी घेतला होता, हे मान्य. पण बाकीचं?

या सायकलीला फुल सस्पेन्शन माउंटन बाइक म्हणतात. पुढच्या चाकाला मोटारसायकलसारखा दबणारा फोर्क आणि मागच्या चाकासाठी सांगाड्याच्या पोटात बसवलेला हवेचा शॉक. आपल्याकडे लांबच्या प्रवासाच्या सायकलींना चामड्याच्या सीटखाली जाड स्प्रिंगा असत, ते आठवून मी म्हणालो, “म्हणजे पाठ दुखू नये म्हणून.” मुलगा म्हणाला, “पाठीचं नंतर. चाक जमिनीला चिकटून राहावं म्हणून.” मग त्याने समजावलं. दगडावर आपटून चाक हवेत गेलं की तेवढा वेळ ना ब्रेक लागतो, ना वळता येतं. चाक दगडावर चढलं की दबावं आणि दगड संपला की लगेच परत खाली यावं, यासाठी ही सगळी यातायात. आपण माणसाला स्प्रिंगवर बसवलं आणि चाकाला आपटू दिलं. यांनी चाकालाच सैल सोडलं.

हा उद्योग जिथे सुरू झाला ती जागा मुलाच्या घरापासून तासा-दीड तासावर, खाडीपलीकडे मरिन काउंटीत आहे. १९७० च्या दशकात फेअरफॅक्स गावातली काही पोरं १९३०-४० सालच्या श्विन एक्सेलसिअर नावाच्या जाड टायरच्या जुन्या सायकली पैदा करून डोंगरावर नेत आणि मातीच्या रस्त्याने खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फुटांचा उतार. ब्रेक मागच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबून लागणारे. खाली येईपर्यंत हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक खेपेनंतर हब उघडून नवं ग्रीस भरायचं, म्हणजे ‘रीपॅक’ करायचं. रस्त्याचं नावच रीपॅक पडलं. त्या पोरांतल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये अशा रस्त्यासाठी मुद्दाम नवा सांगाडा घडवला. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये माउंटन बाइक विकायचं दुकानच काढलं. पुढे १९९० च्या सुमारास पॉल टर्नरचा रॉकशॉक्स फोर्क आला. तो जेमतेम पाच सेंटिमीटर दबायचा. मागचं चाक त्याहून अवघड. तिथे साखळी आहे. सांधे चुकीच्या जागी पडले तर पायडल मारताना सायकल बेडकासारखी उड्या मारते आणि ब्रेक लावताना ताठ होते. होर्स्ट लाइटनर या मोटारसायकलवाल्या ऑस्ट्रियन माणसाने मागच्या आसाच्या थोडं पुढे, खालच्या दांड्यात एक सांधा टाकून त्यावर तोड काढली. आमच्या गॅरेजमधला लोंबणारा त्रिकोण त्याच घराण्यातला.

सुरुवातीला मी नुसता खुर्ची टाकून बसत असे. एके रात्री मुलगा पायडलच्या आसाचा जुना वाटा काढायला झटत होता. लांब दांड्याचा पाना लावून, दात-ओठ खाऊन. मी विचारलं, “कुठली बाजू?” म्हणाला, “साखळीची.” मी म्हणालो, “मग उलटे आटे असणार. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरव.” त्याने फिरवलं आणि वाटा कटकन सुटला. साठ वर्षांत सायकल कुठून कुठे गेली, पण हे आटे तसेच राहिले याचा मला झालेला आनंद जरा जास्तच होता. शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे मी बसत असे. छर्रे रॉकेलमध्ये धुणं, कोन आवळणं, चाकाचा आऊट काढणं, सगळं तिथे शिकलो. बिल्ला नसलेल्या आणि दिवा नसलेल्या सायकली पोलिसांनी पकडायचे ते दिवस. त्या एका आट्याच्या पुण्याईवर मला गॅरेजमध्ये खुर्चीऐवजी स्टूल मिळालं.

पुढचे काही दिवस बरे गेले. सांध्यांची बेअरिंगं गंजली होती. ती ठोकून न काढता लांब बोल्ट आणि वॉशर लावून दाबून काढली, नवी तशीच दाबून बसवली. शॉकची रबरी सीलं बदलली. त्याआधी आतली हवा शेवटच्या फुसकारीपर्यंत सोडावी लागते. राहिली तर उघडताना डबी तोंडावर उडते. सांगाड्याच्या नळ्यांतून केबल ओवायचं काम तर लेंग्यात नाडी घालण्यासारखं. तिथे हिला बोलावलं. तिने एका प्रयत्नात ओवली आणि निघून गेली.

मग आलं गिअरचं प्रकरण. सायकलीचा एक भाग बदलला की तो शेजारच्याला बदलायला लावतो, हे या छंदाचं मर्म. बारा गिअरचा नवा शिमानोचा संच घ्यायचा, कारण मागची सर्वांत मोठी चक्री एक्कावन्न दातांची, चढाला सोपी. पण ती जुन्या चाकाच्या हबवर बसत नाही, म्हणजे हबचा तो भाग नवा. तो आपल्या हबसाठी मिळत नसेल तर हब. हब बदलायचा तर सगळे स्पोक उलगडून चाक पुन्हा विणायचं, त्यापेक्षा चाकच घ्या. बँकेत आम्ही असे खातेदार पाहिले आहेत. गोठ्यासाठी कर्ज मागायला येतात आणि शेवटी डेअरीचा आराखडा काढून बसतात. मी काही बोललो नाही. फक्त सवयीने, गॅरेजमधल्या एका कोऱ्या वहीत तारीख, वस्तू, डॉलर, असे रकाने आखून बेरीज मांडत गेलो. सांगाडा ७००, टायर ११०, जुना क्रँक ६०.

अठ्ठाविसाव्या दिवशी ती वही त्याच्या हाताला लागली.

तो ओरडला नाही. पानं उलटली, स्टुलावर ठेवली आणि म्हणाला, “तुम्ही परत लिहायला लागलात?”

हा ‘परत’ कुठला, ते मला लगेच समजलं. २००१ साल. तो आठवीत. त्याच्या वर्गात तिघांकडे गिअरची सायकल आली होती आणि त्याने ती मागितली. किंमत साडेतीन-चार हजार. फ्लॅटचा हप्ता चालू होता, आईचं औषधपाणी होतं. मी त्याला समोर बसवलं, जमाखर्चाची वही उघडली आणि एकेक रकाना दाखवून सांगितलं, बघ, यात तुझी सायकल कुठे बसते ती तूच सांग. त्याने बघितलं आणि म्हणाला, नाही बसत. माझी जुनी बावीस इंची रंगवून त्याला दिली. मुलाला मी हुकूम सोडला नाही, हिशेब पटवला, याचा मला कित्येक वर्षं अभिमान होता. एका कादंबरीत तो प्रसंग मी वापरलाही आहे. त्यातला बाप मोठा समंजस आहे.

“सायकल दिली नाहीत त्याचं काही नाही हो,” मुलगा म्हणाला. “नाही म्हणाला असतात तर मी दोन दिवस रुसलो असतो आणि विसरलो असतो. तुम्ही माझ्याकडूनच नाही म्हणवून घेतलंत. त्यानंतर तुमच्याकडे काही मागायचं म्हटलं की मी आधी मनात तुमची वही उघडतो. नोकरी गेली ते सांगायला नऊ दिवस का लागले, असं आई विचारते ना. मी बेरीज करत होतो.”

तो वर निघून गेला. मी बराच वेळ तिथे होतो. अर्धवट सायकलीला तेल द्यावं, तर द्यायला अजून साखळीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुणीच त्यावर बोललो नाही. आमच्याकडे हीही रीत आहे. त्याने बारा गिअरचा नाद सोडला आणि जुन्या अकरावर भागवायचं ठरवलं. मी म्हणालो, “घे ना बारा. मी देतो.” तो हसला. “अकराच बरे आहेत, बाबा. चाक चांगलं आहे, आऊट तुम्ही काढलाय.” यात टोमणा किती आणि खरं किती, ते मला ठरवता आलं नाही. मी ठरवलंही नाही.

छत्तिसाव्या दिवशी सायकल जमिनीवर उभी राहिली. आता शॉकमध्ये हवा भरायची. याला वेगळा पंप लागतो. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय भरतात, इथे दीडशेच्या पुढे. सुरुवातीला म्हणून माणसाचं वजन जितके पौंड तितके पीएसआय भरायचे. मग पाठीवरच्या पिशवीसकट सायकलीवर बसायचं आणि शॉक किती दबला ते बघायचं. त्यासाठी दांड्यावर एक रबरी रिंग असते, दबेल तिथपर्यंत ती सरकते. आमच्या शॉकचा दांडा पंचावन्न मिलिमीटर. नुसतं बसल्यावर त्यातले साधारण तीस टक्के, म्हणजे साडेसोळा, जायला हवेत. मला हे चमत्कारिक वाटलं. “नुसतं बसल्यावर एवढी दबते, मग खड्ड्याला काय उरणार?”

“अजिबात दबली नाही तर खड्डा आला की चाक खाली कसं जाणार? वर जायला जागा लागते तशी खाली जायलाही लागते.”

मी स्टूल सोडून सायकल धरली, तो बसला. रिंग बारावर. हवा थोडी सोडली, चौदा. अजून सोडली, सतरा. “बास,” मी म्हणालो. मग तो म्हणाला, “आता तुम्ही बसा.” माझं वजन त्याच्यापेक्षा तेरा किलो जास्त. सायकल पार खाली बसली, रिंग चोवीसवर. त्याने पंप जोडून माझ्या वजनाची हवा भरली, पुन्हा बसवलं, पुन्हा मोजलं आणि विचारलं, “वही कुठाय?”

मी काढून दिली. खर्चाचं पान उलटून त्याने पुढच्या कोऱ्या पानावर नवे रकाने आखले: तारीख, कोण, वजन, हवा, रिंग. पहिल्या ओळीत तो, दुसऱ्या ओळीत मी. मग माझी हवा सोडून पुन्हा स्वतःची भरली. तिथे मी सायकल चालवली ती घरासमोरच्या रस्त्यावर, कोपऱ्यापर्यंत आणि परत. पण पान माझ्याही नावाचं झालं.

एक्केचाळिसावा दिवस शनिवार होता. रिचमंडचा पूल ओलांडून आम्ही फेअरफॅक्सला गेलो. तिथे २०१५ पासून सायकलींचं एक संग्रहालय आहे. जुन्या जाड टायरच्या सायकली पाहून ही म्हणाली, “या तर दूधवाल्याच्या.” मग तो सायकल घेऊन चढाला लागला आणि आम्ही दोघं रस्ता जिथे खाली उतरतो त्या बाजूला, ओढ्याजवळ जाऊन थांबलो. हिने थर्मासमधला चहा काढला. मार्च-एप्रिलचा पाऊस भरपूर झाला होता. डोंगर हिरवेगार, आणि रस्त्यात पाण्याने कापलेल्या चऱ्या. गॅरी फिशर हा रस्ता चार मिनिटं बावीस सेकंदांत उतरला होता. आज तिथे ताशी पंधरा मैलांची मर्यादा आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. ही दर दोन मिनिटांनी विचारत होती, अजून कसा नाही आला. त्याच्या हातात तेव्हा एकोणीस दिवस उरले होते आणि एकही होकार नव्हता. त्याबद्दल मात्र तिने त्या दिवशी काही विचारलं नाही.

आधी आवाज आला, खड्यांवरून टायर घासल्याचा. मग वळणावर तो दिसला. सीटवरून उठलेला, कोपरं बाहेर, आणि त्याच्याखाली दोन्ही चाकं आपापली वर-खाली होत होती. तो स्वतः मात्र स्थिर होता. आमच्याजवळ येऊन त्याने ब्रेक लावला. चेहरा मातीने भरलेला. ही पदराने पुसायला पुढे झाली. मी खाली वाकलो आणि चष्मा वर सरकवून रिंग बघितली.

“एकोणपन्नास.”

“पंचावन्नपैकी?” तो धापा टाकत म्हणाला. “लिहा.”