वजनाच्या भावावर किती द्यायचे?

जालन्यात जुन्या लोखंडाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. एमआयडीसीतल्या फर्नेसमध्ये भंगार वितळतं आणि रोलिंग मिलमधून त्याची सळई होऊन बाहेर पडते. त्यामुळे इथल्या भंगाराच्या दुकानात पडलेल्या, काळ्या अंगावर सोनेरी नक्षी असलेल्या शिलाई मशीनची एक किंमत आधीच ठरलेली असते, ती म्हणजे वजनाची. नुसतं वरचं डोकंच बिडाचं, दहा-बारा किलोचं. त्या भावावर आणखी किती मोजायचे, हा खरा प्रश्न. तो सोडवायला बसलं की माणूस हरखून जातो.

आधी वय बघू. मशीन सिंगरचं असेल तर उजवीकडच्या खांबाच्या बुडाशी, पाट्यावर एक क्रमांक ठोकलेला असतो. तेलकट धूळ बोटाने पुसली की तो दिसतो. कंपनीने हे क्रमांक वर्षवार नोंदवून ठेवले आणि त्यातल्या बऱ्याच नोंदी टिकल्या, म्हणून आज जालन्यात बसून आपल्याला मशीनचा जन्म काढता येतो! नुसता आकडा असेल तर मशीन साधारण १९०० च्या आधीचं. आकड्याआधी इंग्रजी अक्षर असेल तर त्यानंतरचं. ‘जी’ असेल तर ते अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एलिझाबेथच्या कारखान्यात तयार झालं. ‘ई’ने सुरू होणारी दोन अक्षरं असतील तर ते स्कॉटलंडच्या क्लाइडबँकचं, १९३० च्या दशकापासून १९६० च्या आसपासपर्यंतचं.

पण वयाला भुलू नका. क्लाइडबँकच्या एकट्या कारखान्यातून १९१३ साली दहा लाखांहून जास्त मशीन बाहेर पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरचा हिंदुस्थानातला कारभार मुंबईतून नसरवानजी मेरवानजी पटेल बघत, आणि हप्त्याने मिळत असल्यामुळे साध्या शिंप्यालाही मशीन घेणं परवडू लागलं. त्यामुळे शंभर वर्षांचं सिंगर ही काही दुर्मीळ चीज नाही. विकणारा वर्षं मोजून दाखवत असेल तर शांतपणे ऐकून घ्या आणि चाकाला हात घाला.

चाक आपल्याकडे फिरवायचं, सावकाश. पाट्यावरची सरकती पट्टी उघडी ठेवून आत बघायचं. हाताने शिवायच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं अणीजवळ. एलियास हाऊ यांच्या १८४६ च्या पेटंटमध्ये ही युक्ती आहे, आणि सगळी करामत तिच्यात आहे. सुई तळाला पोचते आणि वर निघते. ती जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर चढते तोच दोरा मागे रेंगाळतो, त्याची इवलीशी फुगी होते. नेमक्या त्याच क्षणी, खालच्या दोऱ्याची बॉबिन पोटात घेतलेल्या शटलचं टोक त्या फुगीत शिरतं, वरचा दोरा अख्ख्या बॉबिनला वळसा घालतो आणि दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. डोळ्यांदेखत घडतं, तरी विश्वास बसत नाही! टोक जरा उशिरा आलं की मशीन टाके सोडतं. म्हणून जुन्या कापडाचा तुकडा, नवी सुई आणि रीळ सोबत न्यावं. माझ्या मते सरळ, घट्ट पडलेला वीतभर टाका हा कुठल्याही कागदापेक्षा मोठा दाखला आहे.

चाक फिरतच नसेल तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक वेळा आत जुनं तेल गोठलेलं असतं आणि रॉकेल, नवं तेल, थोडा धीर यांनी ते सुटतं. बिडाला तडा असेल तर मात्र नाद सोडावा. कापड पुढे सरकवणारे दाते झिजून गुळगुळीत झाले असतील तर भाव पाडून मागावा. सुट्या भागांचाही विचार हवा. होडीसारखं लांबट शटल असलेल्या मशीनमध्ये ते शटल जागेवर आहे ना, हे आधी बघा, कारण हरवलं तर दुसरं मिळवणं अवघड. गोल बॉबिनच्या सिंगर १५ ची गोष्ट निराळी. आपली उषा त्याच घडणीची, त्यामुळे तिची बॉबिन, केस आजही बाजारात सहज मिळतात.

नक्षीही खूप बोलते. वर्षानुवर्षं कापड घासून पाट्याची पुढची कड उघडी पडते. मशीन जुनं आणि त्या कडेलाही सोनेरी वेल झगझगीत असेल, तर रंग बहुधा नंतर चढवलेला असतो.

आता एक फसवणूक. एप्रिल २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगरमध्ये ‘लाल पारा’ नावाचा मौल्यवान पदार्थ असतो. लोक सुईजवळ मोबाईल धरून बघू लागले. चालू कॉल तुटला म्हणजे पारा आहे, असा समज! काही मशीनची बोली दोन लाख रियालपर्यंत गेली. त्या मशीनमध्ये बीड, पोलाद आणि तेल यांखेरीज काहीच नव्हतं. असं काही सांगून कुणी भाव चढवू लागला तर तिथून निघा.

आणि तुमच्याच घरच्या माळ्यावर आजीचं मशीन पडलं असेल, तर ते भंगारात देण्याआधी क्रमांक वाचा, तेल घाला आणि ओळखीच्या टेलरला बोलावून एक शिवण मारून बघा.