फोर-व्हील गाडीचे पाटे व शॉकअप बदलण्यापूर्वी

वर्धा जिल्ह्यातील जाम हे गाव दोन मोठ्या रस्त्यांच्या बेचक्यात आहे. नागपूरहून हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जाणारा महामार्ग येथून जातो व वरोरा-चंद्रपूरचा रस्ता येथेच त्यापासून फुटतो. महामार्गावर कोणतीही गाडी सुखाने चालते. परंतु तीच गाडी समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या पांदणीत शिरली की तिची खरी परीक्षा सुरू होते. पावसाळ्यात येथील काळी जमीन फुगते व चाके रुततात. उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते आणि चाकोऱ्या दगडासारख्या कठीण होतात. अशा वाटेसाठीच चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली गाडी घेतली जाते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून विकास गटाच्या जीपगाडीमुळे हा प्रकार खेड्यापाड्यांत परिचयाचा झाला. आज कित्येक शेतकऱ्यांकडे अशी स्वतःची गाडी आहे.

काही वर्षे वापरल्यावर ही गाडी मागून बसू लागते. मग मालक ती गॅरेजमध्ये नेतो आणि बहुधा एकच सल्ला मिळतो : ‘एक पाटा वाढवून टाका.’ हा सल्ला स्वस्त आहे, पण पुष्कळदा चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे समजण्यास पाटा व शॉकअप यांची कामे वेगवेगळी आहेत हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

पाटा ओझे पेलतो. टांग्याची कमान करते तेच काम तो करतो. शॉकअप ओझे मुळीच पेलत नाही. त्याच्या नळीतील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, त्यात हेलकाव्याची शक्ती खर्च होऊन तिची उष्णता बनते व गाडी लवकर स्थिर होते. म्हणून बसलेली गाडी नवे शॉकअप घालून वर येत नाही. साध्या गॅसच्या शॉकअपबद्दलही हेच खरे आहे. उलट, खड्ड्यानंतर तीनचार वेळा डुलणारी गाडी पाटे बदलून सुधारत नाही.

आता जादा पाट्याविषयी. पाटा वाढविला म्हणजे कमान ताठर होते. भरलेल्या गाडीला त्याने आधार मिळतो हे खरे. परंतु शेतकऱ्याची गाडी निम्मा वेळ रिकामी धावते. ताठर कमानीची रिकामी गाडी पांदणीत उड्या मारते. चाकोरी वाकडीतिकडी आली की अशा कमानीचे चाक खाली उतरून जमीन धरत नाही, अधांतरी राहते. बहुतेक गाड्यांच्या साध्या डिफरन्शिअलमध्ये अधांतरी चाक नुसते गरगर फिरते आणि जमिनीवर टेकलेल्या जोडीदार चाकाला ओढ मिळत नाही. ज्या गुणासाठी जादा पैसे देऊन फोर-व्हील घेतली, तोच गुण एका पाट्यापायी हातचा जातो.

तेव्हा खरेदीपूर्वी मोजमाप करावे. त्यास फक्त एक टेप व खताच्या चार गोण्या लागतात. गाडी सपाट जागी रिकामी उभी करावी. मागची बाजू हाताने दोनचार वेळा दाबून सोडावी, कारण पाट्यांच्या आपसातील घर्षणामुळे कमान अडकून राहते व माप चुकते. नंतर चाकाच्या मध्यापासून वरील मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजून लिहून ठेवावे. आता डी.ए.पी.च्या चार गोण्या, म्हणजे २०० किलो वजन, बरोबर मागच्या ॲक्सलवर ठेवावे. (युरियाची गोणी हल्ली ४५ किलोची असते, हे विसरू नये.) पुन्हा दाबून सोडावे व मोजावे. समजा, गाडी ३ सेंटिमीटर दबली. तर ६०० किलो ओझ्याने ती सुमारे ९ सेंटिमीटर दबेल. ॲक्सलच्या वर चासीला जो रबरी ठोकळा असतो, तो रिकाम्या गाडीत ८ सेंटिमीटरवरच असेल, तर एवढे ओझे भरताच कमान ठोकळ्यावर टेकणार आणि पुढचा प्रत्येक धक्का थेट चासीला बसणार, हे घरबसल्या कळते.

या मापाचा खरा उपयोग निदानासाठी आहे. जुन्या पाट्याचा बाक जातो, पण त्याचा ताठरपणा फारसा कमी होत नाही. त्यामुळे गाडी रिकामी असतानाच खाली बसली असेल, तर पाट्यांचा बाक गेला आहे. तेथे मूळ मापाचेच नवे पाटे घालावेत, भारी नव्हेत. रिकामी उंची योग्य असून नियमातील ओझ्यानेही गाडी ठोकळ्यावर टेकत असेल, तरच भारी कमानीचा विचार करावा. त्यातही खाली मदतीचा जाड पाटा असलेली व तो ओझे वाढल्यावरच टेकणारी दुटप्पी कमान शेतकऱ्यास अधिक सोईची असते. एकच बाजू बसली असेल तर तुटलेला पाटा किंवा झिजलेले बुश शोधावे. मधला सेंटर बोल्ट तुटला तर ॲक्सल सरकतो व गाडी तिरकी चालते. हे लक्षण दिसताच गाडी उभी करावी.

नियमातील ओझे किती, हे नोंदणी पुस्तकातील भारित वजनावरून कळते. जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर नेहमीच्या मालासह आधी पूर्ण गाडी व मग फक्त मागची चाके तोलून घ्यावीत. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की ती उलाळ होते, हे प्रत्येक गाडीवानास ठाऊक असते. मोटारीतही मागच्या ॲक्सलच्या पलीकडे ओझे लोंबले की पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंग सैल वाटते आणि वळणावर गाडी ऐकत नाही. भारी पाटे घातल्याने गाडी मागून बसत नाही, म्हणून हा धोका डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. ब्रेक, टायर व ॲक्सल मात्र पूर्वीचेच असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मालाच्या गाडीतून मजूर स्त्रियांना दाटीने उभे करून नेले जाते, तेथे या चुकीची किंमत मालकापेक्षा त्यांनाच अधिक मोजावी लागते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट मालकांना स्पष्ट शब्दांत सांगावी.

जुने पाटे भात्यावर तापवून पुन्हा वाकवून घेण्याची पद्धत आढळते. पाट्याच्या पोलादाला कारखान्यात ठरावीक उष्णतेवर पाणी दिलेले असते. साध्या भट्टीत ते उतरते. पाटा काही दिवसांत पुन्हा बसतो किंवा तडकतो. त्यापेक्षा जुन्या पाट्याच्या कुऱ्हाडी व विळे करवून घ्यावेत, ते उत्तम होतात.

शॉकअपची परीक्षा सोपी आहे. खराब रस्त्यावर काही किलोमीटर जाऊन आल्यावर चारही शॉकअपना जपून हात लावावा. तीन कोमट व एक थंड लागला तर थंड असलेला काम करीत नाही. अंगावर तेलाचे ओघळ असतील किंवा टायर ठिकठिकाणी खोलगट झिजला असेल तरीही शॉकअप संपला असे समजावे. नवा घेताना लांबी तपासावी. कमान पुरी दबली असता शॉकअप आतून ठोकता कामा नये व चाक लोंबले असता तो ताणून धरता कामा नये. दुहेरी नळीचा शॉकअप दगडाच्या माराने लवकर निकामी होत नाही, म्हणून पांदणीसाठी तो पुरेसा चांगला. एका नळीचा उष्णता लवकर सोडतो, पण नळीस पोचा पडला तर अडकतो. २०२० नंतरच्या थारसारख्या ज्या गाड्यांना मागेही गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत, त्यांत पाट्यांसारखे घर्षण नसते. तेथे शॉकअपची हयगय मुळीच चालत नाही.

उंच कमानी घालून गाडी उचलण्याचा तरुणांस मोह असतो. त्याने प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेकची रबरी नळी ताणली जाते आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खालील प्रश्नही उपस्थित होतो.

पाटे व शॉकअप एका ॲक्सलवर नेहमी जोडीने बदलावेत. यू-बोल्ट नवेच घ्यावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर बुश पिळलेल्या स्थितीत राहून फाटतात. त्यांना तेल लावू नये. काही दिवस गाडी चालविल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, दिव्यांचा झोत तपासावा आणि चारही चाकांवरील रिकामी उंची तारखेसह गाडीच्या वहीत लिहावी.