टिपरू, काडी आणि ड्रमस्टिक

चर्मवाद्याची तारीफ करताना आपण कातड्याची प्रत, भांड्याचा धातू आणि वादकाचे मनगट यांचे यथास्थित गुणगान करतो. परंतु ज्या दांडीच्या आघाताने तो नाद प्रत्यक्ष उत्पन्न होतो तिची दखल सहसा कोणी घेत नाही, आणि हा अन्यायच म्हटला पाहिजे, कारण वाद्य तेच ठेवून नुसती दांडी बदलली तरी नादाचा स्वभाव पालटतो.

हलगी वाजत असता हातांकडे लक्ष द्यावे. उजव्या हातात आखूड व जाडसर टिपरी असते आणि तिच्या ठोक्याने भरदार बोल निघतो. डाव्या हातातली काडी मात्र लांब व बारीक असून, बोटांनी कडेशी दाबून ती कातड्यावर अशी थरथरवली जाते की तिचा कडकडाट ऐकून अंगावर काटा यावा. एकाच वाद्याला अशा दोन विजोड काठ्या लागतात, तर ढोलाच्या एका तोंडावर टिपरू आणि दुसऱ्यावर नुसता तळहात पडतो. आणि ताशाला जी जलद तडतड साधायची असते तिच्यासाठी काड्या पातळ व लवचिकच हव्यात.

पाश्चात्य ड्रमच्या काठ्यांची वर्गवारी याहून दप्तरी थाटाची आहे. ७ए, ५ए, ५बी, २बी असे क्रमांक त्यांना दिलेले असून, अक्षर तेच असता अंक जितका मोठा तितकी काठी सामान्यतः बारीक असते. अक्षरांपैकी ए हे वाद्यवृंदासाठी, बी हे बँडसाठी आणि एस हे रस्त्यावरील संचलनासाठी, अशी मूळची विभागणी सांगतात. ५ए साधारण १६ इंच लांबीची व मध्यम जाडीची असते, पण एका कारखान्याची ५ए दुसऱ्याच्या ५एशी तंतोतंत जुळेलच याची हमी नाही. असला कारभार आमच्या जुन्या मामलेदार कचेरीतसुद्धा खपला नसता!

लाकडांत हिकरीला अग्रमान आहे, कारण आघाताचा हादरा ती बराचसा स्वतःच पचवते. मेपल हलके असल्याने मृदू वादनास सोयीचे, आणि ओक जड व कणखर. टोकाचा आकार सर्वांत अधिक जाणवतो तो झांजेवर: लहान गोल टोकाने स्वर रेखीव येतो, लांबट टोकाने तो पसरट व भरीव होतो. लाकडी टोके झिजतात व त्यांचे टवके उडतात. त्यावर अमेरिकेतील जो कॅलाटो यांनी 1958 मध्ये नायलॉनच्या टोकाचा उपाय काढला, आणि त्याचा नाद अधिक चकचकीत निघतो. मला तो जरा उथळ वाटतो, पण गोंगाटाच्या मंचावर तोच उपयोगी पडतो.

नवशिक्याने ५ए घ्यावी. मात्र विकत घेण्यापूर्वी दुकानाच्या फळीवर ती लोळवून पाहावी, डुगडुगली तर बाजूस ठेवावी, आणि जोडीतल्या दोन्ही काठ्या पाठोपाठ फळीवर ठोकून त्यांचा स्वर जुळतो की नाही हे कान देऊन ऐकावे.