नकाशावरचा ठिपका का सरकतो?

काळाचौकीत फोनवरचा ठिपका गल्ली सोडून शेजारच्या इमारतीवर गेला की 'ढग आलेत, म्हणून जीपीएस चुकतंय' असं सर्रास म्हटलं जातं. ढगांचा यात फारसा वाटा नसतो. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह फक्त आपली जागा आणि वेळ कळवतो. संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून फोन अंतर काढतो. वाटेतल्या आयनांबरात (वातावरणाचा उंचावरचा, विद्युतभारित कणांचा थर) तो संदेश रेंगाळतो. लालबागहून सुटलेली बस गणपतीच्या गर्दीत अडकावी आणि आपण नुसत्या वेळेवरून अंतर मोजावं, तसं होतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे सुमारे 300 मीटर.

विमानाला अशी चूक चालत नाही. म्हणून इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणानं 'गगन' ही दुरुस्ती पुरवणारी यंत्रणा उभारली. नागपूर, गोव्यासह 15 केंद्रांची जागा आधीच अचूक मोजलेली आहे. तिथे दिसणाऱ्या चुकीवरून गणिती प्रारूप (मोजमापांवर बेतलेली समीकरणं) देशावर आखलेल्या जाळीच्या बिंदूंसाठी दुरुस्ती काढतं. विषुववृत्ताजवळचं आयनांबर फार चंचल. एकाच थराचं गृहीतक आपल्याकडे पुरेना, म्हणून इस्रोनं अनेक थरांचं प्रारूप घडवलं. उरलेली चूक किती असू शकेल, याची मर्यादाही ते कळवतं. वैमानिकासाठी मला तीच अधिक मोलाची वाटते. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचं विमान 'गगन'च्या आधारे किशनगढला उतरलं.

काळाचौकीतला ठिपका मात्र बहुधा टॉवरांच्या भिंतींवर आपटून येणाऱ्या संदेशांमुळे हलतो. ती चूक त्या गल्लीपुरतीच असते, त्यामुळे 'गगन'च्या दुरुस्तीत ती येत नाही.