‘कसंतरी होतंय’ म्हणजे कुठे?

मरीन परेडला राहायला आल्यापासून मी अधूनमधून लोकांची खोटी सून होते. कधी बायको, कधी बहीण. जवळच्या एका रुग्णालयात इमर्जन्सीमधल्या नर्स आणि तरुण डॉक्टरांना नातेवाइकांशी कसं बोलावं ते शिकवतात; त्या सरावात मी नातेवाईक. हा प्रकार तसा जुनाच. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये रुग्णाचं सोंग घेणारी माणसं वैद्यकीय शिक्षणात आणली.

वाईट बातमी सांगायची ‘स्पाइक्स’ नावाची पद्धत आहे. २००० साली ती कर्करोगाच्या रुग्णांसाठी मांडली गेली. नीट जागा बघा, समोरच्याला काय ठाऊक आहे ते विचारा, किती ऐकायचंय ते विचारा, मग सांगा, रडू द्या, शेवटी पुढचं ठरवा. पण इमर्जन्सीत एवढी उसंत कुठली? पलीकडे पडद्याआड दुसरा पेशंट कण्हत असतो. तरी दोन गोष्टी सोडायच्या नाहीत: खुर्चीवर बसायचं, आणि मृत्यू झाला असेल तर तोच शब्द वापरायचा. कोणी ‘ही इज गॉन’ म्हणालं, की मी मुद्दाम विचारते, “कुठे नेलंत? एक्स-रेला?” समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

मला जास्त काळजी वाटते ती तिकडून आलेल्या आपल्या आईबाबांची. आई म्हणते, “छातीत कसंतरी होतंय.” मुलगा इंग्रजीत सांगतो, बरं वाटत नाहीये. कळ, ठणका, चमक, धडधड, घाबरं होणं, सगळं एका ‘पेन’मध्ये गडप! वर डॉक्टर जे म्हणतात त्यातलं निम्मं मुलगा आईला सांगतच नाही. प्रेमापोटीच, पण निर्णय तिच्या शरीराचा असतो. म्हणून या सरावात शिकवतात, की प्रश्न आईकडे बघून विचारा, बोटाने जागा दाखवायला सांगा, आणि शक्यतो घरच्या माणसाला दुभाषी करू नका.

आपल्या बाजूनेही थोडं करता येतं. आईबाबांच्या गोळ्यांची नावं इंग्रजीत लिहून फ्रिजवर लावा. ९९५ला फोन कसा करायचा तेही त्यांना दाखवून ठेवा.

गेल्या खेपेला एका चिनी नर्सने मला मराठी शब्द विचारले. मी तीन सांगितले: कुठे, कधीपासून, किती. तिने ते तिच्या लिपीत हातमोज्यावर लिहून घेतले आणि पुढच्या ‘पेशंट’ला लगेच विचारलं, “कुते?”