भूतबंगल्यातली दोरी

मुलांनो, तुम्हाला भुताची भीती वाटते का? खरं सांगा हं! वर्गात हा प्रश्न विचारला की माझी मुलं एका सुरात ओरडतात, "नाही मॅडम!" पण सहलीच्या मुक्कामी रात्री लाइट गेली, की हेच सगळे शूरवीर हळूच सरकत माझ्याभोवती गोळा होतात. कुणी माझी ओढणी धरतं, कुणी पिशवी. आणि वर म्हणतात काय, "मॅडम, तुम्हाला भीती वाटेल म्हणून आलो!"

गंमत पाहा. घरात अंधार झाला की आपण घाबरतो. पण जत्रेत मात्र पैसे देऊन, रांगेत उभं राहून, मुद्दाम घाबरायला जातो. कुठे म्हणता? अहो, भूतबंगल्यात!

आमचं अंबड हे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गावाला लागून एक टेकडी आहे. लांबून पाहिलं तर तिचा आकार माशासारखा दिसतो. म्हणून टेकडीवरच्या देवीचं नाव मत्स्योदरी. नवरात्रात इथे मोठी यात्रा भरते. देवीचं दर्शन घ्यायचं, पायऱ्या उतरायच्या आणि मग जत्रेत घुसायचं, हा आम्हा पोरांचा ठरलेला कार्यक्रम. गोडी शेव, रेवड्या, पिपाण्या, आकाशपाळणा... आणि एका कोपऱ्यात पत्र्यांचा भूतबंगला. त्याच्या दर्शनी फळीवर लाल जिभेचा राक्षस रंगवलेला. आतून किंकाळ्यांची कॅसेट वाजायची आणि बाहेर एक माणूस भोंग्यावर ओरडायचा, "हिंमत असेल त्यानंच आत यायचं! कच्च्या दिलाच्यांनी घरी जायचं!"

१९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा चौथीत होते आणि माझा धाकटा भाऊ पहिलीत. मामानं आम्हा दोघांची तिकिटं काढली आणि तो बाहेर पडायच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आईनं घरातून निघतानाच बजावलं होतं, "लेकराचा हात सोडू नको गं." मी मोठ्या ऐटीत "हो" म्हटलं होतं.

आत शिरलो आणि डोळ्यांपुढे काळोख. पायाखाली फळ्या करकरत होत्या. तोंडावरून कसल्यातरी ओल्या चिंध्या गेल्या. एक वळण, दुसरं वळण... आणि तिसऱ्या वळणावर धाडकन वरून हाडांचा सापळा माझ्या नाकासमोर आला! मी जी किंकाळी फोडली आणि जी धावत सुटले, ती थेट मामाच्या पोटावर जाऊन आदळले.

मामानं विचारलं, "आणि तो कुठंय?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता.

दोस्तांनो, त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली, तेवढी त्या सापळ्याचीही वाटली नव्हती. मामा आत जायला निघाला. तेवढ्यात पुन्हा आतून किंकाळ्या आल्या आणि चार मोठी मुलं धडपडत बाहेर आली. त्यांच्यामागून बाहेर आलं चक्क भूत! पांढरा झगा, अंगावर लाल रंगाचे शिंतोडे, तोंडावरचा मुखवटा डोक्यावर सरकवलेला. आणि त्याचं बोट धरून माझा भाऊ. रडत नव्हता हो! तो तर हसत होता. मला पाहताच ओरडला, "ताई, मी दोरी ओढली! ते चौघं पळाले ना, ते माझ्यामुळे!"

झालं होतं असं, की मी पळाल्यावर तो तिथेच रडत उभा राहिला. पडद्यामागच्या माणसानं ते ऐकलं. त्यानं मुखवटा काढला, त्याला आपल्याकडे नेलं आणि सापळा कसा पडतो ते दाखवलं. एक कप्पी, एक सुतळीची दोरी आणि लाकडाला चुना फासून केलेली हाडं. एवढंच! मग पुढच्या गिऱ्हाइकांसाठी दोरी त्याच्याच हातात दिली.

त्या रात्री भाऊ घोरत झोपला. मी मात्र पुढचे तीन दिवस दिवा लावून झोपले. भूतबंगला एकच, पण मी तो पुढून पाहिला होता आणि त्यानं मागून.

मोठेपणी शिक्षिका झाले, तेव्हा ही आठवण मनात होतीच. मग मी शोधू लागले, की माणसांनी अशी खोटी भुतं करायला सुरुवात केली तरी कधी?

आपल्याच महाराष्ट्रात पाहा. सिनेमा यायच्या आधी, १८९२ च्या सुमारास, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. काचांवर हातानं रंगवलेली बारीक चित्रं, त्यांच्यामागे दिवा आणि पुढे भिंग. अंधारात बसलेल्या लोकांसमोर पडद्यावर मोठमोठी चित्रं उमटायची आणि हलायचीसुद्धा! पुराणातल्या मायावी शंबरासुरावरून हे नाव ठेवलं होतं. माया होती, पण ती काच, दिवा आणि भिंग यांची.

त्याआधी १८६२ साली लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर नावाच्या प्राध्यापकानं रंगमंचावर भूत आणलं. कल्पना मूळची हेन्री डर्क्स या इंजिनिअरची. पेपरनं ती रंगमंचावर जमेल अशी करून घेतली. रंगमंचावर एक भलीमोठी काच तिरपी उभी करायची. भुताचं सोंग घेतलेला नट खाली, लोकांना दिसणार नाही अशा खड्ड्यात. त्याच्यावर झगझगीत उजेड टाकला, की त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि जिवंत नटाशेजारी आरपार दिसणारं भूत उभं राहतं. उजेड घालवला, की भूत गायब!

हे भूत तुम्हीही पाहिलं आहे, बरं का! रात्रीच्या एसटीनं जालन्याहून अंबडला येताना खिडकीच्या काचेत पाहा. बाहेरच्या काळोखात, शेताच्या वर, आपल्याच गाडीतली माणसं तरंगताना दिसतात. तेच हे पेपरचं भूत!

मग आली गाडीची कल्पना. अमेरिकेतल्या केनीवूड बागेत १९०१ साली अंधाऱ्या बोगद्यातून पाण्यावरची होडी सुरू झाली. पण तसा पाण्याचा पाट बांधायचा, तर खर्च फार. लिऑन कॅसिडी नावाच्या एका बागवाल्याला तो परवडेना. मग त्यानं युक्ती काढली. पाणी नको, होडी नको. एका रुळावरून विजेची छोटी गाडी अंधाऱ्या खोलीत सोडायची आणि रूळ असा वेडावाकडा टाकायचा, की छोट्याशा जागेत भरपूर वळणं बसावीत. १९२८ च्या सुमारास त्याची गाडी तयार झाली. तिला 'प्रेट्झेल' हे नाव मिळालं. प्रेट्झेल म्हणजे पिळा घातलेला एक खारा पाव. आपण जिलेबीगाडी म्हटलं असतं! १९३० साली ही गाडी इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या बागेत आली. तिकडच्या लोकांना प्रेट्झेल काय ते ठाऊक नव्हतं. मग त्यांनी तिचं नाव ठेवलं 'घोस्ट ट्रेन', म्हणजे भुताची आगगाडी.

पुढे १९६९ साली अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्ये मोठा थोरला भुताचा वाडा उभा राहिला. त्यात भुतं नाचतात, जेवतात. आणि ती दिसतात कशी? पेपरच्याच काचेच्या युक्तीनं! आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका ही बाग सुरू झाली. तिथेही अंधारातून गाडीत बसून जायची अलिबाबाची गुहा केली आणि चालत जायचा भीतीदायक 'सलीमगड' बांधला. यंत्रं नवी, खर्च मोठा. पण मूळ गोष्ट तीच. अंधार, वळण आणि वळणापलीकडे काय असेल, ही धाकधूक.

आता तुम्ही विचाराल, "मॅडम, मोबाइलवर याच्यापेक्षा भारी भुतं दिसतात. मग त्या पत्र्याच्या भूतबंगल्यात आहेच काय?"

सांगते. उन्हातून एकदम अंधारात गेल्यावर डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. भूतबंगल्याची फेरी तर दोन-चार मिनिटांत संपते. म्हणजे आपण जवळजवळ आंधळेच असतो. मग कान टवकारतात, पायाखालची फळी, मानेवरचा वारा, सगळं दुप्पट जाणवतं. उरलेलं भूत आपलं मनच तयार करतं! दचकलो, की शरीरात अॅड्रेनलिन नावाचं द्रव्य सुटतं. छाती धडधडते, हातपाय पळायला तयार होतात. पण मनाच्या एका कोपऱ्याला ठाऊक असतं, की हे खोटं आहे, पुढे दार आहे, दाराशी मामा आहे. म्हणून बाहेर आलो की तीच धडधड हसू होऊन बाहेर पडते.

मोबाइलमधल्या भुताला दारच नसतं हो! ते आपण एकटे, पांघरुणात शिरून पाहतो. शेजारी कुणाचा हात नसतो. आणि ओढायची दोरी तर कुठेच दिसत नाही.

गेल्या वर्षी मी चौथीच्या वर्गात भूतबंगला करायचं ठरवलं. बेंच उभे-आडवे लावले, वर घरून आणलेल्या सतरंज्या आणि चादरी टाकल्या. ओल्या सुतळ्या लोंबत्या सोडल्या, सोललेली द्राक्षं वाटीत ठेवून वर पाटी लावली, 'राक्षसाचे डोळे'. वर्गात एक मुलगा होता. आडदांड, पण अंधाराला फार भिणारा. रात्री लघवीला जायचं तरी आईला उठवायचा. आत जायला तो काही केल्या तयार होईना. मी त्याला म्हटलं, "बरं, तू आत जाऊ नको. तू दोरी ओढशील?"

तो पडद्यामागे बसला. पहिल्यांदा दोरी ओढताना त्याचा हात थरथरत होता. दहाव्या वेळी तो इतका हसत होता, की भुताचं बिंग फुटायची वेळ आली! सगळ्यांत शेवटी तो आपणहून उठला आणि म्हणाला, "मॅडम, आता मी आत जातो. तुम्ही ओढा." दिवाळीनंतर त्याची आई भेटली. म्हणाली, "आता लेकरू रात्री मला उठवत नाही. बॅटरी घेतं अन् जातं."

आईबाबांनाही या निमित्तानं एक विनंती आहे. "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल," "झोप, नाहीतर भूत नेईल," असं आपण सहज बोलून जातो. मूल पटकन जेवतं, झोपतंही. पण ते भूत आपण त्याच्या मनात कायमचं ठेवून देतो आणि दोरी दाखवायला विसरतो. त्यापेक्षा एकदा जत्रेत घेऊन जा. आत जाताना हात धरा. आणि जायला तयार नसेल, तर ढकलू नका. बाहेर आलात, की दोघं मिळून शोधा, ते सापळं पडलं कसं?

मुलांनो, घरी करून पाहायला एक प्रयोग देते. मात्र घरातलं मोठं माणूस सोबत हवंच! एक स्वच्छ काच टेबलावर सरळ उभी धरा. काचेच्या अलीकडे पेटती मेणबत्ती ठेवा, पलीकडे तेवढ्याच अंतरावर पाण्यानं भरलेला ग्लास ठेवा. मेणबत्तीसमोर एक पुस्तक उभं करा, म्हणजे पाहणाऱ्याला खरी मेणबत्ती दिसणार नाही. पुस्तक ज्योतीपासून जरा लांब ठेवा हं! आता खोलीत अंधार करा आणि पुस्तकाच्या वरून काचेत पाहा. पाण्यात मेणबत्ती जळताना दिसेल! आधी धाकट्या भावंडाला दाखवून चकित करा. आणि मग, विसरू नका हं, पुस्तक बाजूला करून त्याला युक्तीही दाखवा.

माझा तो भाऊ आता पुण्यात नोकरी करतो. गेल्या नवरात्रात तो गावी आला होता. आम्ही दोघं त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन यात्रेत गेलो. कोपऱ्यात भूतबंगला होताच. कॅसेटच्या जागी आता पेन ड्राइव्ह, पण राक्षसाची जीभ तश्शीच लाल! दाराशी भाचीनं एक हात माझ्या हातात दिला. भाऊ माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "ताई, या वेळी सोडू नको बरं."

आत सापळा पडला. मी किंकाळी फोडली, अगदी तेव्हासारखीच. पण हात मात्र सोडला नाही.

बाहेर आल्यावर भाचीनं पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"आत्या, त्याची दोरी कुठंय?"