फासा आणि प्रश्न



होमिओपॅथीच्या डॉक्टरने औषधांवर बोलावे, ही अपेक्षा रास्त आहे. मी आज मात्र एका खेळावर बोलणार आहे. कॉलेजात असताना अमेरिकेहून आलेल्या आतेभावाने मला एक पातळ पुस्तिका आणि वीस बाजूंचा फासा दिला. तो छंद अजून सुटलेला नाही. खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला.

खेळ असा : चार-पाच जण बसतात. एक सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. तीन साधे फासे टाकून पात्राची ताकद, बुद्धी, चपळाई ठरते आणि कागदावर लिहिली जाते. मग सूत्रधार सांगतो, “भुयारात गुडघाभर पाणी आहे. समोर लोखंडी दार. आतून कण्हण्याचा आवाज येतोय. काय करता?” उत्तर पुस्तकात नसते, ते खेळणाऱ्याने द्यायचे. ते साधेल की नाही अशी शंका असेल तिथेच फासा टाकायचा. सगळे एकाच बाजूचे, म्हणून एकमेकांना हरवायचे नसते.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. याचे दोन अर्धे आपल्याकडे फार जुने आहेत.

पहिला अर्धा पटावरचा. पर्युषणात आमच्या घरी ज्ञानबाजीचा पट निघे. मराठी घरांत त्याच जातीचा मोक्षपट असे. जैन पटावर बहुधा ८४ घरे असतात, चौऱ्याऐंशी लक्ष योनींची आठवण म्हणून. शिडी पुण्याची, साप पापाचा. आजची सापशिडी ही त्याचीच विलायतेला जाऊन आलेली नात. पण इथे सारे दान फाशाचे. खेळणाऱ्याला निवड नाही.

दुसरा अर्धा आपल्या गावाचाच. प्रेत खांद्यावर घेऊन राजा निघतो, वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडे घालतो. दोघांची शिरे चुकून एकमेकांच्या धडांवर बसली. आता त्या स्त्रीचा नवरा कोण? उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल. बोललास तर मी पुन्हा झाडावर. इथे फासा नाही, सारा विवेकाचा भाग. गंमत अशी की, अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात हा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा आहे. पुढच्या कथांनी त्याला उज्जैनचा विक्रम केले. आपल्या कित्येक घराण्यांसारखाच तोही दक्षिणेतून येऊन इथला झाला म्हणायचा!

या खेळाने फासा आणि प्रश्न एकत्र आणले. दवाखान्यात मी रोज हेच पाहतो. प्रकृती आपण निवडून आणत नाही. पथ्य मात्र निवडावे लागते.

आता माझ्या अपेक्षा. पहिली : हा खेळ पडद्यावरच राहू नये, माणसांनी समोरासमोर बसून तो बोलत खेळावा. दुसरी : जुन्या नियमांचा साधेपणा टिकावा. आज एकेक नियमपुस्तक तीनशे पानांच्या वर गेले आहे. शिवाय जुन्या खेळात राक्षस मारण्यापेक्षा खजिना बाहेर काढण्याला जास्त गुण मिळत. म्हणून शहाणा खेळाडू लढाई टाळी, युक्ती शोधी. माझ्यासारख्या जैनाला हे का आवडले, ते सांगायला नको.

तिसरी अपेक्षा तुमच्या-माझ्या घरातली आहे. सुटीत मी नातवंडांसाठी सूत्रधार होतो. मी मराठीत विचारतो, “दार उघडतेस का?” उत्तर येते, “नहीं आबा, पहले सुनूँगी.” तिला मराठी सगळी समजते, पण तोंडी येत नाही. रागावून काही उपयोग झाला नाही. मग मी नियम केला : मराठीत सांगाल तर फाशात एक अधिक. परवा भुयाराचे दार आतून लावून घ्यायचे होते. नात अडली, उठून स्वयंपाकघरात गेली आणि आजीकडून ‘अडसर’ हा शब्द घेऊन आली. दार लागले. आमच्या घरात अडसराचे दार जाऊन तीस वर्षे झाली. शब्द त्या दिवशी परत आला.

२०२३च्या जानेवारीत मालक कंपनीचा परवान्याच्या अटी कडक करण्याचा बेत होता. खेळणाऱ्यांच्या विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला आणि तेव्हाच्या चालू आवृत्तीच्या नियमांचा गाभा सर्वांना खुला झाला. मूळ श्रेय नमूद केले की भाषांतर करून छापायला वेगळी परवानगी लागत नाही. वीस पानांची मराठी पुस्तिका आपण सहज करू शकू. भुयाराऐवजी क्षिप्रेकाठचे स्मशान घ्या, अजगराऐवजी वेताळ.

येत्या दिवाळीच्या सुटीत सभागृहात एक सतरंजी अंथरू. मुलांना घेऊन या, आजी-आजोबांनीही बसावे. अडलेला शब्द कुणाला तरी विचारावा लागेल. फासे मी आणतो.